राजधानी पणजी आणि पाण्याचा हिशेब

राजधानीच्या शहराचा रुबाब बहुधा त्याच्या विस्तारावरून जोखला जातो. गोव्याची राजधानी पणजी या कसोटीस उतरत नाही. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची वस्ती अवघी ४० हजारांच्या घरात होती. उत्तरेस मांडवी, मध्ये आल्तिनोची टेकडी, पूर्वेस ओरेंची खाडी आणि पश्चिमेस सांतिनेजचा नाला, एवढ्या चौकटीत मूळ शहर सामावले आहे. परंतु या शहराचा स्वभाव समजून घ्यावयाचा, तर ते कोणत्या धास्तीतून जन्मास आले हे प्रथम पाहिले पाहिजे.

पूर्वेकडील पोर्तुगीज साम्राज्याचे वैभवशाली केंद्र असलेले जुने गोवे दूषित पाणी आणि वारंवार उद्भवणाऱ्या साथींनी ओस पडले. १७५९ साली व्हाइसरॉयने पणजीच्या आदिलशाही वाड्यात मुक्काम हलविला आणि १८४३ साली पणजी 'नोव्हा गोवा' या नावाने रीतसर राजधानी झाली. त्यापूर्वीच वाळूची टेकाडे सपाट करून आणि दलदली बुजवून येथे सरळ, रुंद रस्ते आखले गेले होते. आरोग्याची चिंता या शहराच्या पायातच होती.

मात्र भराव घातला म्हणून पाणी आपली वाट विसरत नाही. गोव्याच्या खाजन शेतीला हे पक्के ठाऊक होते. बांध घालून खारे पाणी अडवावयाचे आणि ओहोटी लागली की मानशीच्या दारातून पावसाचे पाणी नदीत सोडावयाचे, ही त्या शेतीची व्यवस्था. आज नेमका हाच हिशेब चुकला आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की गटारांचे पाणी मांडवीत उतरत नाही आणि अठरा जून रस्ता जलमय होतो. पाणी साठवून धरणाऱ्या सखल जागांवर इमारती उभ्या राहिल्या, नाले आकसले. मग ते पाणी जाणार कोठे?

२०१६ साली पणजीची स्मार्ट शहर योजनेत निवड झाली. त्यानंतर मलवाहिन्या आणि रस्त्यांसाठी झालेले खोदकाम नागरिकांनी धूळ खात आणि चिखल तुडवीत सोसले. सुधारणा आवश्यक होत्या, याविषयी दुमत नाही. प्रश्न असा की, या कामांचा जाब नागरिकाने विचारावयाचा कोणाला? स्मार्ट शहराची कामे स्वतंत्र कंपनीकडे, नगरनियोजन प्राधिकरणाकडे, नदीचे पात्र बंदर कप्तान खात्याकडे. नगरसेवकास मतदार ओळखतो, पण नगरसेवकाच्या हाती फारसे काही नाही.

दरम्यान राजधानीपणाची एकेक खूण नदीपार गेली. विधानसभा २००० साली पर्वरीस हलली, २०२१ साली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची नवी वास्तूही तेथेच उभी राहिली. पणजीच्या वाट्यास पर्यटकांची वर्दळ आणि मांडवीत नांगरलेली कॅसिनोंची जहाजे आली. सरकारी तिजोरीस त्यांपासून महसूल मिळतो, हे नाकारता येणार नाही. पण वाहनांची कोंडी आणि गोंगाट येतो तो रहिवाशांच्या वाट्यास. ज्या शहरात शिक्षक, कारकून, दुकानदार यांनी संसार थाटले, ते शहर दिवसा कचेरी आणि रात्री करमणुकीचे धाम होऊ लागले, तर त्याची काळजी वाहणारा उरेल कोण?

उपाय अगदीच अज्ञात नाहीत. सांतिनेजचा नाला आणि ओरेंची खाडी मोकळी ठेवणे, उरलेल्या सखल भूमीवर भराव टाकू न देणे, आणि विखुरलेली जबाबदारी निर्वाचित महापालिकेपाशी एकवटणे, एवढे तरी तातडीने व्हावयास हवे. पाण्याची उपेक्षा केल्याने गोव्याची एक राजधानी इतिहासजमा झाली. तिचे अवशेष पणजीहून नऊ-दहा किलोमीटरांवर उभे आहेत. राज्यकर्त्यांनी अधूनमधून तेथवर जाऊन यावे.