ओळखीवर नव्हे, करारावर घर

शिरपूर जैन येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास आलेला यात्रेकरू धर्मशाळेत उतरतो, तेव्हा वहीत नाव आणि गाव लिहून देतो. एका रात्रीच्या मुक्कामासाठी हा सोपस्कार होतो आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नाही. मात्र वर्षभरासाठी घर भाड्याने घेताना कोणी कागदाचा विषय काढला, की लगेच ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असा प्रश्न येतो. शब्दाला जागणे ही आपली परंपरा खरी. पण शब्द नेमका काय दिला होता, हेच दोन वर्षांनी दोघांना वेगवेगळे आठवते.

वऱ्हाडात पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश होता. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तशी नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे कागद टाळणारा मालक स्वतःचीच बाजू दुबळी करतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समजही या कलमापुढे टिकत नाही. भाड्याची पावती मिळणे हा भाडेकरूचा हक्क आहे. पाणी वा वीज तोडून घर रिकामे करून घेणे बेकायदा आहे.

सही करण्यापूर्वी कागदाचे शीर्षक मात्र अवश्य वाचावे. ‘लिव्ह अँड लायसन्स’ असे असेल, तर मुदत संपताच घर सोडावे लागते. न सोडल्यास दुप्पट शुल्क भरण्याची वेळ येते. अनामत रक्कम किती, ती केव्हा परत मिळणार, रंगकाम कोणाकडे, हे सारे त्यातच यावे. मीटरवरील आकडा पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून लिहून ठेवावा.

भाडे नियंत्रण कायदा प्रत्येक खेड्याला लागू नाही. जेथे तो नाही, तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम चालतो. त्याप्रमाणे लेखी करार नसेल, तर राहते घर महिनेवारीचे समजले जाते आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीवर ते सोडावे लागू शकते. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आली असताना अशी नोटीस हाती पडली, तर त्या कुटुंबाने जावे कोठे?

पण या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक बोचणारी आहे. कागद नको म्हणणारा मालक अखेर कशावर घर देतो? ओळखीवर! आणि ओळख म्हणजे बहुधा नातलग, सोयरे, जात. बदलून आलेला शिक्षक किंवा परिचारिका दारी आली, की प्रथम आडनाव विचारले जाते आणि मग ‘घर कालच दिले’ असे सांगितले जाते. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध निषेध केला. ते भाषण आपण अभ्यासवर्गांतून वाचतो. आपल्याच वाड्यातील रिकाम्या खोलीपाशी आल्यावर ते कसे काय विसरतो? अनोळखी माणसाविषयी मालकाला शंका असणे समजू शकते. त्या शंकेचे निरसन ओळखपत्र, नोंदलेला करार आणि पोलीस ठाण्यात दिलेली माहिती यांनी होते. आडनावाने काहीच कळत नाही.

नोंदणीला दोन साक्षीदार लागतात. परगावाहून आलेल्याला ते कोठून मिळणार? वस्तीतील कार्यकर्त्यांनी या कामी पुढे व्हावे. तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात त्यासाठी अर्धा दिवस जाईल, एवढेच.