व्हेनिसला जाताय? मग राहा तिथेच!

इटलीला निघालेल्या माणसाला कुणीतरी हमखास सल्ला देतं, "व्हेनिसमध्ये कशाला राहता? मेस्त्रेला राहा, स्वस्त पडेल. ट्रेनने दहा मिनिटं!" हिशोब चोख आहे हो, पण मला काही तो पटत नाही.

दिवसाचं व्हेनिस म्हणजे जत्रा. रियाल्तो पुलावर पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी दिवसभराचे पाहुणे परतले की गल्ल्या मोकळ्या होतात. तिथे मोटारी नाहीतच, त्यामुळे ऐकू येतात ती फक्त पावलं आणि पाणी. त्यासाठी बेटावरच मुक्काम हवा. तीनऐवजी दोनच रात्री राहा, चालेल. कान्नारेजो भाग बघा. सांता लुचिया स्टेशन जवळ, म्हणजे बॅगा घेऊन पुलांच्या पायऱ्या कमी चढाव्या लागतात. (शहरात चारशेवर पूल आहेत!)

आता खरा मुद्दा. बेटावर राहा, पण हॉटेलात. पर्यटकांना दिवसावर भाड्याने मिळणारा अख्खा फ्लॅट नको. १९५१ साली या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्याही खाली गेली. सगळं खापर पर्यटकांवर फोडता येणार नाही. पण रोज नव्या पाहुण्याकडून जास्त पैसे मिळत असतील, तर घरमालक तिथल्या कुटुंबाला जागा कशाला देईल?

त्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर मिळतं, वरणभात करता येतो, हे मान्य. पण दोन दिवस पिझ्झा खाऊन राहिलो, तर काय बिघडलं?