गेटवरचा दांडा आणि दारातला मालक

मोळी पडली, गव्हाण सुरू झाली, की ऊसपट्ट्यात गर्दी उडते ती कारखान्याच्या गेटवर. ट्रॅक्टरच्या रांगा, बैलगाड्यांचा खोळंबा आणि तोंडाशी लोखंडी दांडा धरून उभे दोन रखवालदार. शेतकरी बंधूंनो, आपल्या वर्षभराच्या घामाचं वजन काट्यावर होतं खरं. पण काट्यापर्यंत कोण जाणार हे ठरतं या दांड्यापाशी.

गेट नकोच, असं कोणी शहाणा म्हणणार नाही. आत उकळते बॉयलर आहेत, बगॅसचे डोंगर आहेत. जिथे डिस्टिलरी आहे तिथे स्पिरिटच्या टाक्या आहेत. एका विडीच्या थोटकानं होत्याचं नव्हतं होईल. रात्री ट्रॉल्या मागे घेताना तोडणी मजुरांची पोरं चाकाखाली यायला वेळ लागत नाही. म्हणून काडीपेटी काढून घेणारा, गाडीचा नंबर आणि तोडणीची चिठ्ठी पाहणारा, आतल्या मालाची जावक तपासणारा रखवालदार हा आपल्याच मालमत्तेचं कुंपण आहे. त्याच्याशी हुज्जत घालण्यात शहाणपण नाही.

प्रश्न आहे तो कुंपणच शेत खाऊ लागलं तर काय, हा. पुढाऱ्याची जीप दिसली की दांडा आपोआप वर जातो, नोंदवहीत ओळसुद्धा पडत नाही. सभासद मात्र आपल्या उसाचं वजन पाहायला आला तर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणून तासन् तास उन्हात. ओळखीची गाडी मागून येऊन पुढे जाते, बिनओळखीची तळावर वाळत राहते. तोडलेला ऊस जितका उभा राहील तितका वजनात घटतो, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. म्हणजे गेटवरचा वशिला शेवटी आपल्याच बिलातून कापला जातो.

प्रवरानगरला 1950-51 च्या हंगामात सहकारी कारखान्याचं चाक फिरलं, ते शेतकरी मालक व्हावा म्हणून. त्या मालकालाच आज दारात ‘कोण, कुठला?’ विचारलं जातं. विचारावंही, पण उत्तर ऐकून वाट द्यावी. सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 नुसार कार्यालयाच्या वेळेत उपविधी, ताळेबंद आणि आपल्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. हा हक्क गेटवर अडवण्याचा अधिकार कोणाही रखवालदाराला नाही. खाजगी कारखान्यात आपण मालक नसू, पण माल आपला आहे. त्याच्या वजनाची पावती आपल्याला मिळालीच पाहिजे.

एजन्सीमार्फत रखवालदार आणले असतील, तर त्यांना 2005 चा खाजगी सुरक्षा एजन्सी कायदा लागू आहे. एजन्सीकडे परवाना हवा, रखवालदाराला प्रशिक्षण आणि फोटोचं ओळखपत्र हवं. पोलिसासारखा गणवेश घालायला त्याला बंदी आहे. काठी हातात आली म्हणून तो फौजदार होत नाही.

आता दुसरी बाजूही पाहा. तो रखवालदार म्हणजे कोण? बहुतेक आपल्याच गावचा, जिराईत तुकड्यावर भागेना म्हणून बारा बारा तास उभा राहणारा पोरगा. वरून हुकूम तोंडी येतात, अंगावर शिव्या मात्र त्याच्या. संचालकांनी उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि रागाला त्यानं तोंड द्यायचं, हा कुठला न्याय? नियम कागदावर असेल तर त्यालाही पाठबळ मिळेल. ‘साहेब, तुमचीही नोंद करावी लागेल,’ असं तो पुढाऱ्याला बेधडक म्हणू शकेल.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. आत कोणी, कधी, कशाच्या आधारे जायचं याचा लेखी फलक गेटवर लावा. गाड्या नंबरानं सोडा, गेटवर आल्याची वेळ चिठ्ठीवर टाका. उशीर कोणामुळे झाला याचा तोच पुरावा. काट्यावर उभं राहण्यासाठी ऊसवाल्याला पास द्या. सरपंच, पोलीस पाटील आणि सोसायटीच्या सचिवांनी हंगामाच्या तोंडावर ही मागणी लेखी द्यावी, पोच घ्यावी. सभासदांनी वार्षिक सभेत चहा पिऊन परत न येता हाच विषय मांडावा.

दाराला कडी असावी, ती चोरासाठी. घरधन्याला ती आतून लागली, तर घर कोणाचं, हा प्रश्न विचारायची वेळ आली असं समजावं.