रेघ आखण्याआधी शेतकऱ्याला विचारा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयांना जनरेटरचा आधार घ्यावा लागला आणि काही भागांत वीज यायला रात्र झाली. त्या दिवशी राज्यात विजेचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो वीज शहरात आणणाऱ्या वाहिन्यांचा. पडघे ते कळवा या ४०० केव्हीच्या मार्गावर एका वाहिनीचे काम चालू असताना दुसरी ट्रिप झाली आणि उरलेल्या वाहिन्यांना तो भार पेलवला नाही. बाहेरचे जाळे कोसळले तरी स्थानिक निर्मितीवर मुंबई चालू राहावी यासाठी १९८१ पासून असलेली आयलँडिंग यंत्रणाही त्या दिवशी टिकली नाही.

शहरात थेट ४०० केव्हीची वीज आणणारी खारघर-विक्रोळी वाहिनी त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिची गरज मात्र त्याच्या दशकभर आधीपासून कागदोपत्री मांडली जात होती. गरज कळूनही वाहिनी उभी राहायला दहा-दहा वर्षे का लागतात, हा या घटनेने विचारलेला खरा प्रश्न आहे आणि तो आजही तसाच उभा आहे.

महाराष्ट्रात कोळशावरची मोठी निर्मिती चंद्रपूर, कोराडीकडे आणि मोठी मागणी मुंबई, पुणे, नाशिककडे. हे अंतर तोडण्यासाठी चंद्रपूर ते पडघे अशी सुमारे ७५० किलोमीटर लांबीची, १५०० मेगावॉट वाहून नेणारी उच्चदाब दिष्ट प्रवाहाची वाहिनी गेल्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी एकरूप झाले. ही दोन्ही कामे दूरदृष्टीची होती, कारण ती पुढच्या पिढीची मागणी डोळ्यांसमोर ठेवून झाली.

आता नकाशा पुन्हा बदलतो आहे. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प धाराशिव, बीड, सोलापूर, धुळे या कमी पावसाच्या जिल्ह्यांत उभे राहत आहेत. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत वीज देऊ लागतो. अतिउच्चदाब वाहिनी आणि उपकेंद्राला त्याच्या दुपटीहून अधिक काळ जातो. आधी प्रकल्प आणि मग वाहिनी असा क्रम ठेवला की काय होते, ते राजस्थानात दिसले. भर दुपारी ऊन असताना, वीज वाहून नेण्याची सोय नाही म्हणून तिथल्या सौर प्रकल्पांना निर्मिती कमी करावी लागली. केंद्राच्या राष्ट्रीय वीज आराखड्यानुसार २०३२ पर्यंत देशाच्या पारेषणावर ९ लाख कोटी रुपयांहून अधिक खर्च अपेक्षित आहे. एवढा पैसा उभा राहीलही, पण टॉवर शेवटी कुणाच्या तरी शेतातच उभा राहणार आहे.

विलंबाचे मूळ तिथेच आहे. टॉवरसाठी जमीन संपादित होत नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. वीज कायदा २००३ मधील कलम १६४ चा आधार घेऊन १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार वाहिनी टाकणाऱ्याला दिले जातात. त्या अधिकारांत मालकाची संमती लागत नाही, फक्त नुकसानभरपाई द्यावी लागते. टॉवरच्या चार पायांत औत फिरत नाही. तारांखालच्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, आंब्यासारखी उंच झाडे ठेवता येत नाहीत, जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही. ७६५ केव्हीच्या वाहिनीखाली हा पट्टा ६७ मीटर रुंद असतो. दोन एकरांच्या खातेदाराच्या शेतातून असा पट्टा गेला तर त्याच्याकडे उरते काय? आणि या माणसाला वाहिनीची बातमी कळते ती बहुधा मोजणीवाले बांधावर आल्यावर. मग तो काम अडवतो, आणि अडवणारा विकासविरोधी ठरतो.

भरपाईच्या बाबतीत केंद्राने पाऊल पुढे टाकले आहे. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जमिनीसाठी मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के रक्कम होती. जून २०२४ मध्ये ती अनुक्रमे २०० आणि ३० टक्के झाली. हे स्वागतार्ह आहे. पण पाया खणण्याआधी रक्कम खात्यात जमा झाली नाही, तर वाढीव टक्केवारीचा शेतकऱ्याला उपयोग नाही. भरपाई वाढली की वीजदर वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. वाहिनी रखडली की वाढलेले व्याज, वापराविना वाया गेलेली स्वस्त वीज आणि तिच्या जागी घेतलेली महाग वीज यांचा बोजाही ग्राहकाच्याच बिलात येतो. त्यातून ना शेतकऱ्याला काही मिळते, ना ग्राहकाला.

लोकांना न विचारता आखलेली वाहिनी रखडते, याला शेजारच्या गोव्याचा अनुभव पुष्टी देतो. जवळजवळ सारी वीज बाहेरून घेणाऱ्या या राज्याला नव्या वाहिनीची गरज होती. पण तमनार प्रकल्पातील ४०० केव्हीची वाहिनी मोलेच्या अभयारण्यातून नव्याने पट्टा काढून नेण्याचे ठरले आणि लोक रस्त्यावर उतरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथल्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने २०२१ मध्ये, जंगलात नवी तोड न करता आधीच्या वाहिनीच्या पट्ट्याचा उपयोग करावा, अशी शिफारस केली. हा पर्याय आखणीच्या पहिल्या दिवशीही उपलब्ध होता. लोकांना आधी विचारले असते तर तो तेव्हाच पुढे आला असता.

राज्याचा पारेषण आराखडा करण्याची जबाबदारी महापारेषण या सरकारी कंपनीची आहे आणि तो तयारही होतो. पण तो तज्ज्ञ, कंपन्या आणि वीज नियामक आयोग यांच्यापुरता राहतो. तो मराठीत, तालुकावार नकाशांसह ग्रामपंचायतीत लावला पाहिजे. मार्ग पक्का होण्याआधी जनसुनावणी झाली पाहिजे आणि किमान दोन पर्यायी मार्ग लोकांपुढे ठेवले पाहिजेत. प्रत्येक नव्या वाहिनीच्या प्रस्तावात, जुन्याच पट्ट्यात जास्त क्षमतेच्या तारा ओढून किंवा मागणीजवळच निर्मिती करून भागेल का, याचे लेखी उत्तर असले पाहिजे. शेतीपंपांना गावाजवळच्या सौर प्रकल्पातून दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हा असाच एक मार्ग आहे. आणि पूर्ण भरपाई मिळाल्याशिवाय पाया खणू नये, ही अट निविदेतच घालावी.

यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. शासन निर्णय आणि आयोगाचे विनियम एवढ्यावर हे होऊ शकते. ऊर्जा खात्याने पुढच्या आराखड्यापासूनच याची सुरुवात करावी.