आळ्याचा रेडा आणि जनुकांची कादंबरी

जनुकीय अभियांत्रिकीवरच्या ख्रिस्ती विज्ञान-थरारकथेचा ठळक नमुना म्हणजे अमेरिकी लेखक जेम्स बोसेन्योर यांची ‘ख्राइस्ट क्लोन ट्रिलजी’. पहिल्या भागाचे नाव ‘इन हिज इमेज’. इटलीतील तुरीनच्या, येशूचे मानल्या जाणाऱ्या कफनाची १९७८ मध्ये शास्त्रीय तपासणी झाली, ही खरी घटना. कादंबरीतल्या प्राध्यापकाला त्या कापडावर जिवंत पेशी सापडतात. त्यांतून तो एक मुलगा जन्माला घालतो. मुलगा मोठा होतो, जग त्याच्यापुढे झुकते आणि अखेर तो तारणारा नव्हे, ख्रिस्तविरोधक ठरतो. देहाची प्रत काढता आली तरी आत्मा प्रयोगशाळेच्या हाती लागत नाही, हा या कथेचा गाभा.

विज्ञानाच्या बाजूने कथा लंगडी आहे. डॉली मेंढी १९९६ मध्ये जन्मली ती जिवंत पेशीच्या केंद्रकातून. २७७ अंड्यांवर प्रयोग झाले आणि कोकरू हाती लागले एकच. कापडावर शतकानुशतके पडलेली पेशी जिवंत राहत नाही. शिवाय १९८८ च्या कार्बन चाचणीत ते कापड १२६० ते १३९० या काळातले निघाले. तरीही कादंबरी टाकाऊ ठरत नाही, कारण तिचा प्रश्न खरा आहे: माणसाने घडवलेल्या जिवाचा वाली कोण?

मराठीला हा प्रश्न परका वाटायचे कारण नाही. पहिली मराठी कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ (१८५७) बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाचीच, आणि तिच्या केंद्रस्थानी विधवांचे दुःख होते. नारायण वामन टिळकांनी पुढे ख्रिस्तभक्ती अभंगात आणली. मराठी विज्ञानकथेचे वळण मात्र वेगळे पडले. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ लिहिली, तेव्हापासून मराठी विज्ञानकथा प्रामुख्याने प्रबोधनाच्या वाटेने चालली. ते काम मोलाचे झाले, पण श्रद्धा आणि जनुक यांची समोरासमोर गाठ तिने क्वचितच घालून दिली.

अशी गाठ घालणाऱ्या कादंबरीचे साहित्य जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत पडून आहे. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आकाश ऐकते आणि जवळच नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे २० किलोचे क्रेट लिलावात निघतात. याच पट्ट्यात २०२० च्या उन्हाळ्यात टोमॅटो एकसारखा लाल होईना. फळावर पिवळे-हिरवे पट्टे उठले, कापल्यावर आत काळे दिसे आणि माल क्रेटमध्येच सडे. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिले. संशय आधी बियाण्यावर गेला. बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेच्या तपासणीत प्रामुख्याने काकडी मोझॅक विषाणू आढळला. तो मावा किडीच्या सोंडेतून झाडाझाडांवर पसरतो. दरम्यान, असा टोमॅटो खाल्ल्याने माणसालाही रोग होईल, अशी आवई उठली आणि गिऱ्हाईक बिचकले. वनस्पतीचा हा विषाणू माणसाला बाधत नाही. बियाणे, विषाणू, अफवा आणि कर्ज काढून लावलेला प्लॉट: थरारकथेला याहून काय हवे?

भारतात व्यापारी लागवडीची परवानगी असलेले जनुकीय परिवर्तित पीक आजही बीटी कापूस हे एकच, तेही २००२ पासून. मात्र पिकाच्या स्वतःच्याच जनुकांत दुरुस्ती करण्याच्या काही पद्धतींना २०२२ मध्ये नियमांतून सूट मिळाली आणि २०२५ मध्ये अशा तंत्राने तयार केलेले भाताचे दोन वाण जाहीर झाले. म्हणजे घडवलेल्या जिवाचा वाली कोण, हा प्रश्न बांधावर येऊन ठेपला आहे.

त्याला भिडण्यासाठी ख्रिस्तविरोधकाची भीती उसनी आणण्याची गरज नाही. जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले तो हाच, आणि ज्ञानेश्वरांनीच त्याला इथे समाधी दिली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. बोसेन्योरच्या कथेत माणसाच्या हातून घडलेला जीव शापित निघतो. आळ्याच्या परंपरेत जनावरालाही समाधीचा मान मिळतो. प्रयोगशाळेतून आलेल्या जिवाकडे पाहण्याची ही दुसरी दृष्टी अधिक उदार आणि अधिक अवघडही आहे, कारण तिच्यात जीव घडवणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. या दृष्टीची कादंबरी मराठीत यायला हवी, आणि ती या दोन तालुक्यांतल्या एखाद्या तरुण लेखकाने किंवा लेखिकेने लिहायला घ्यावी.