‘किचकट’ म्हणजे नेमके काय?

वैद्यकीय हलगर्जीपणाची प्रकरणे किचकट असतात, म्हणून ग्राहक आयोगाने ती दिवाणी न्यायालयाकडे पाठवावीत, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. करी रोडच्या चाळीतल्या रुग्णासाठी हा सल्ला घातक आहे.

शांता खटल्यात (1995) सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली आणले. तज्ज्ञांच्या साक्षीवाचून सुटणार नाहीत अशी प्रकरणे दिवाणी न्यायालयात जाऊ शकतात, असेही म्हटले. पण शस्त्रक्रियेत पोटात बोळा राहणे, भलताच अवयव कापणे, केसपेपर न पाहता रुग्णाला ज्याची ॲलर्जी आहे तेच इंजेक्शन टोचणे यांत कसली गुंतागुंत? ही उदाहरणे त्याच निकालातली आहेत. पत्रात ती नाहीत.

पुढे डॉ. मर्चंट खटल्यात (2002) न्यायालयाने स्पष्ट केले, की गुंतागुंतीचे मुद्दे आहेत एवढ्याच कारणाने तक्रारदाराला दिवाणी न्यायालयाची वाट दाखवता येणार नाही. तज्ज्ञाची उलटतपासणी व्हिडिओ कॉन्फरन्सनेही होऊ शकते. खर्च ती मागणाऱ्याचा.

गिरणगावाने पगारातून कामगार विम्याची वर्गणी भरली. त्या योजनेच्या रुग्णालयातले उपचार फुकट नव्हेत, म्हणून तेही ग्राहक कायद्याखाली येतात, हे 2007 मध्ये किशोर लाल खटल्यात ठरले. अशा कुटुंबाने दिवाणी दाव्याच्या तारखा किती वर्षे मोजायच्या, हे पत्रलेखकांनी सांगावे.

— एक वाचक, करी रोड