चिलटांच्या घड्याळाचा मला काय उपयोग?

"डॉक्टर, दुर्बिणींवर एवढे कोट्यवधी रुपये घालतात, त्यापेक्षा सरकारी दवाखान्यात औषधं का नाही देत?"

नारायणगावजवळच्या खोडदच्या महादुर्बिणीची एखादी बातमी आली, किंवा कुठल्याशा किड्यांच्या वागणुकीवर कुणाला बक्षीस मिळालं, की हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. विचारणारी माणसं अडाणी नसतात. कुणाच्या घरात केमोचं बिल चालू असतं, कुणी इन्शुलिनसाठी महिन्याचा हिशोब जुळवत असतं. त्यांचा राग मला कळतो. पण या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे कुठलं संशोधन आपल्या कामाचं आणि कुठलं बिनकामाचं हे आधीच ओळखता येतं. हे मला पटत नाही. कात्रजला राहून तर अजिबात पटू नये. इथल्या सर्पोद्यानात मुलांना घेऊन गेलेल्या किती जणांना माहीत असतं, की रक्तदाबाच्या गोळ्यांचा एक अख्खा गट ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाला? पण सापाचं विष निदान औषधासारखं वाटतं तरी. मी त्याहून निरुपयोगी दिसणाऱ्या गोष्टींबद्दल बोलणार आहे.

१९७१ साल आपल्याला युद्धासाठी आठवतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तीन लेख छापून आले. एक चिलटांवर, एक लहान मुलांच्या डोळ्यातल्या दुर्मीळ गाठीवर आणि एक निव्वळ गणिताचा. तिन्ही एकाच वर्षाच्या खंडात आहेत, त्यातले दोन तर सप्टेंबरच्या एकाच अंकात. एकाही लेखात कुठल्या औषधाचं नाव नव्हतं. आज माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांचा या तिन्हींपैकी एकाशी तरी संबंध येतो.

आधी चिलटं. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी ती बारीक फळमाशी कोषातून बाहेर पडते ती साधारण पहाटे. का, हे रोनाल्ड कोनोप्का हा विद्यार्थी आणि त्याचे गुरू सेमूर बेन्झर कॅलिफोर्नियात शोधत होते. त्यांना तीन बिघडलेल्या जाती सापडल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा आणि तिसरीला दिवसरात्रीचा ताळमेळच नाही. तिन्हींमधला बिघाड एकाच जनुकात होता. म्हणजे शरीरात घड्याळ असतं आणि ते जनुकात लिहिलेलं असतं. १९८४ मध्ये ते जनुक वेगळं काढता आलं आणि २०१७ मध्ये हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना त्या कामासाठी नोबेल मिळालं. मधल्या काळात, २००१ मध्ये, संध्याकाळी साडेसातलाच झोपणाऱ्या आणि पहाटे साडेचारला उठणाऱ्या एका कुटुंबात त्याच जातीच्या मानवी जनुकातला बदल सापडला होता. माशीतलं घड्याळ आणि आपलं घड्याळ एकाच घराण्यातलं निघालं.

चाकण, रांजणगाव, हिंजवडीला रात्रपाळी करणारे माझे रुग्ण म्हणतात, "खाणं तेच, गोळ्या त्याच, पण पाळी बदलली की शुगर चढते." पूर्वी अशा माणसाला तू पथ्य पाळत नाहीस असं सहज ऐकवलं जायचं. आता आपल्याला माहीत आहे की यकृत, स्वादुपिंड यांचीही घड्याळं असतात आणि रात्री दोनला खाल्लेला डबा शरीर दुपारच्या जेवणासारखा हाताळत नाही. म्हणून पाळी बदलली की डॉक्टरांना सांगा. गोळ्यांच्या वेळा मात्र मनाने बदलू नका. २०१९ मध्ये स्पेनमधल्या एका अभ्यासाने रक्तदाबाच्या गोळ्या रात्री घेतल्याने मोठा फायदा होतो असं सांगितलं आणि तो मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त रुग्णांवर तेच तपासलं, तेव्हा सकाळ आणि रात्र यात फरक दिसला नाही. पहिला मेसेज अजूनही फिरतो. दुसरा मला एकाही रुग्णाने पाठवलेला नाही.

आता डोळ्यातली गाठ. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. मोबाईलच्या फ्लॅशमध्ये बाळाच्या एका डोळ्याची बाहुली लाल किंवा काळी न दिसता पांढरट चमकली, किंवा डोळा नव्याने तिरळा झाला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. वेळेवर सापडला तर हा कॅन्सर बहुतेक वेळा बरा होतो.

आल्फ्रेड नुडसन हे ह्यूस्टनच्या कॅन्सर रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ. त्यांनी या आजाराच्या ४८ मुलांचे १९४४ ते १९६९ मधले केसपेपर काढले. गाठ एका डोळ्यात की दोन्हींत, कुठल्या महिन्यात कळली, घरात आणखी कुणाला होती का, एवढंच पाहिलं. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांमध्ये आजार लवकर दिसत होता, एका डोळ्याच्या मुलांमध्ये उशिरा. त्या वेगळेपणाच्या आकडेमोडीवरून त्यांनी अंदाज बांधला. सायकलला दोन ब्रेक असतात तसं समजा. एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर भागतं. काही मुलं जन्मतःच एक ब्रेक निकामी घेऊन येतात, म्हणून त्यांच्यात दुसरा बिघडायचाच अवकाश असतो. बाकीच्यांमध्ये दोन्ही एकामागून एक बिघडावे लागतात. तो ब्रेक म्हणजे नेमकं कुठलं जनुक, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. १९८६ मध्ये ते हाती लागलं आणि मग लक्षात आलं की हा ब्रेक आपल्या सगळ्या पेशींमध्ये आहे. हाडाच्या, मूत्राशयाच्या, फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये तोच बिघडलेला असतो.

स्तनाच्या कॅन्सरच्या मोठ्या गटात तो ब्रेक शाबूत असतो, पण काही प्रथिनं तो सारखा सैल करत राहतात. त्या प्रथिनांना अडवणारी पॅल्बोसिक्लिब ही गोळी २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या, पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये ती इतर औषधांबरोबर देतात आणि आजार आटोक्यात राहण्याचा काळ वाढतो. २०२३ मध्ये भारतात पेटंट संपल्यावर इथल्या कंपन्यांच्या बऱ्याच स्वस्त गोळ्या आल्या. आज कुणाच्या आत्याला, मावशीला ही गोळी चालू असेल, तर तिची सुरुवात त्या ४८ मुलांच्या जुन्या केसपेपरांत आहे. मधे ४४ वर्षं गेली. १९७१ मध्ये कुणी विचारलं असतं, "एवढ्या दुर्मीळ आजारावर कशाला वेळ घालवता?", तर नुडसन यांच्याकडे द्यायला काय उत्तर होतं?

तिसरा लेख रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन या दोन भारतीयांचा. जी. एन. रामचंद्रन हे कोलॅजेन या प्रथिनाची रचना सांगणारे मोठे शास्त्रज्ञ. प्रश्न असा होता की एखाद्या वस्तूच्या वेगवेगळ्या बाजूंनी पडलेल्या सावल्या मिळाल्या, तर आतलं चित्र गणिताने कसं उभं करायचं? साध्या एक्स-रेमध्ये छातीतलं सगळं एकावर एक पडतं. चारी बाजूंनी शेकडो मापं घेऊन आतला एकेक काप काढायचा असेल, तर हे गणित लागतं. त्या दोघांनी सुचवलेली रीत 'रॅम-लॅक' या नावाने सिटी स्कॅनच्या पुस्तकांत आजही शिकवतात. लंडनमध्ये हाऊन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला तोही ऑक्टोबर १९७१ मध्ये.

आणि इथेच खगोलशास्त्र येतं. हीच अडचण रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना आधीपासून होती. त्यांच्या अँटेनाला सूर्य ठिपक्याठिपक्याने दिसत नसे, पट्ट्यापट्ट्यांनी दिसे. त्या पट्ट्यांवरून सूर्याचं चित्र कसं काढायचं याचं गणित रोनाल्ड ब्रेसवेल यांनी १९५६ मध्ये मांडलं आणि १९६७ मध्ये रिडल यांच्याबरोबर ते आणखी सोपं केलं. स्टॅनफर्डमध्ये त्यांच्या हाताखाली पीएचडी केलेले एक विद्यार्थी म्हणजे गोविंद स्वरूप. ते भारतात परतले, १९६५ मध्ये कल्याणला ३२ लहान डिशची दुर्बीण उभी केली, मग उटीची मोठी दुर्बीण, आणि पुढे आपल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. २०२० मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं.

खोडदमुळे आपल्याला सिटी स्कॅन मिळाला असं मी म्हणत नाही. तसं लिहिलं तर छान वाटेल, पण ते खोटं आहे. हाऊन्सफील्ड यांनी आपलं गणित स्वतंत्रपणे केलं होतं. सूर्याकडे बघणाऱ्यांचं आणि मेंदूत बघणाऱ्यांचं कोडं एकच निघालं, आणि पुढच्या स्कॅनरमध्ये ब्रेसवेल आणि रॅम-लॅक यांच्या जातीचंच गणित आलं, एवढंच म्हणायचं आहे. हाऊन्सफील्ड यांच्यासोबत १९७९ चं नोबेल मिळालेले अॅलन कॉर्मॅक यांनी १९६३-६४ मध्येच हे गणित छापलं होतं. त्याला जवळपास काहीच प्रतिसाद आला नव्हता. लेखाची प्रत मागणारं सगळ्यात मजेशीर पत्र आलं ते स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधन केंद्राकडून, हे त्यांनी स्वतःच नोबेलच्या भाषणात सांगितलं आहे.

मग सगळंच संशोधन फळाला येतं का? नाही. बहुतेक येत नाही. मी सांगितलेली तीन उदाहरणं पिकलेली आहेत. न पिकलेल्यांची यादी कितीतरी लांब असते आणि ती कुणी लिहीत नाही. आणि सरकारी दवाखान्यात औषध नसणं ही खरी वेदना आहे, ती मी नाकारत नाही. पण आपला देश संशोधनावर उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करत नाही, आणि आरोग्यावरचा सरकारी खर्च अडीच टक्क्यांवर नेऊ असं २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहूनही तिथवर पोचलेला नाही. दोन्ही ताटं अर्धी रिकामी असताना एकातलं काढून दुसऱ्यात घालायची भाषा मला चुकीची वाटते. औषधांसाठी भांडायलाच हवं, पण ते खोडदशी नको.

यात रुग्णाचंही काम आहे आणि त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. नुडसन यांच्याजवळ नवं यंत्र नव्हतं, पंचवीस वर्षांच्या नीट ठेवलेल्या फायली होत्या. आपल्याकडे काय होतं? एका रुग्णालयात बायोप्सी, दुसरीकडे ऑपरेशन, तिसरीकडे केमो, मग गावी आयुर्वेदिक. फाईल घर बदलताना जाते. बरं वाटलं की तपासणीला जाणं बंद. दुर्मीळ गाठ असली की हे फारच महाग पडतं. तुमच्यासारखे रुग्ण आधीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात निम्म्यांचं पुढे काय झालं हे कुणालाच कळत नाही. मग पुढच्या रुग्णाला डॉक्टर सांगणार कशाच्या जोरावर?

मोठ्या कॅन्सर केंद्रात गाठीचा उरलेला तुकडा संशोधनासाठी ठेवू का, असा कागद पुढे येतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात असा गाठींचा संग्रह आहे. नातेवाईक घाबरतात, "आमच्यावर प्रयोग करताय का?" म्हणतात. तपासणीनंतर उरलेला तुकडा ठेवण्यात तुमच्या शरीरावर कसलाही प्रयोग नसतो. कागद मराठीत समजावून मागा. नाव गुप्त राहतं का, नंतर नकार देता येतो का, हे विचारा. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि नाही म्हटल्याने उपचारात फरक पडता कामा नये. पण नुसत्या भीतीपोटी नाही म्हणू नका. माझ्या घरच्यांची गाठ असती तर मी सही केली असती.

याच्या उलट, 'संशोधन' म्हणून तुमच्याकडूनच लाखभर रुपये मागणारा कुणी भेटला तर उठून या. स्टेम सेलच्या नावाने हे फार चालतं. रक्ताच्या काही आजारांत होणारं मान्यताप्राप्त प्रत्यारोपण सोडलं, तर बाकीचे स्टेम सेल उपचार आपल्या देशात फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीत करता येतात आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत, असं २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

गाठीचं निदान झालं असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनची सीडी एका पिशवीत ठेवा आणि सगळ्याचे मोबाईलवर फोटो काढा. प्रयोगशाळेत तुमच्या गाठीचा मेणात बसवलेला छोटा ठोकळा असतो, त्याला 'ब्लॉक' म्हणतात. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायला तो आणि काचपट्ट्या लागतात, त्या मागून घेता येतात, आणि दुर्मीळ गाठीत हे दुसरं मत घ्याच. मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री १९६३ पासून रुग्णांची नोंद ठेवते, ती देशातली पहिली. पुण्यातही अशी नोंद होते. अशा नोंदीसाठी रुग्णालयातून किंवा रजिस्ट्रीतून फोन आला, की रुग्ण कसा आहे एवढं खरं खरं सांगा. रुग्ण गेला असेल तर तेही सांगा, आणि तारीख सांगा. या माहितीसाठी बँकेचा तपशील किंवा ओटीपी कधीच लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवून द्या आणि रुग्णालयाच्या नंबरवर स्वतः लावा.